सत्काराचा नारळ

बलभीमच्या हातात एकदा माईक गेला की तो काढून घ्यायची गावात कुणाची छाती होत नाही. सरपंच झाला म्हणून माणसानं ताळ सोडावा का? एका हातात माईक, दुसऱ्या हातात सत्काराचा नारळ, आणि अर्धा तास झाला तरी गडी अजून प्रास्ताविकातच.

सत्कार हर्षालीचा होता. कॉलेजची तीन वर्षं ती बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहिली. सरपटत आलेला चेंडू उचलायचा आणि पळणारी पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकायचा, एवढंच काम. पण ते तिनं असं केलं की दुसऱ्या कॉलेजच्या पोरी तिच्या बाजूला चेंडू मारायला भ्यायला लागल्या. आता विद्यापीठाच्या संघात निवड झालेली. संघाची रेल्वे दुपारी सोलापुरातून सुटणार होती. जी हजर नाही तिची जागा दुसरीला, असं सरांनी फोनवर दोनदा बजावलेलं. आणि आमच्या माकणी गावातून वेळेत पोचणारी एस.टी. एकच.

"हर्षालीनं कैक षटकार मारले," बलभीम गरजला, "कितीतरी विकेटी काढल्या!"

"त्या खेळात विकेट नसती, सरपंच," शंभू मास्तर मागून म्हणाले.

"नसली तर मंजूर करून आणू!"

टाळ्या पडल्या.

तेवढ्यात चौकात एस.टी. येऊन हॉर्न द्यायला लागली. हर्षाली खुर्चीच्या टोकावर आली. पायाशी बॅग तयार. पण नारळ हातात पडल्याशिवाय सत्काराचं माणूस उठत नाही, उठलं तर देणाऱ्याचा अपमान.

"येताय का जाऊ?" कंडक्टर ओरडला.

"शेवटचे दोन शब्द," म्हणत बलभीमनं स्वतःच्या कबड्डीच्या आठवणींना हात घातला.

बायकांच्या रांगेतून हर्षालीची आजी तारामती उठली. तिनं पदर खोचला, स्टेजवर चढली आणि बलभीमच्या हातातला नारळ हिसकून घेतला.

"पळ गं!"

हर्षाली बॅग उचलून पळत सुटली. तिच्यामागं तारामतीनं नारळ भिरकावला. तो गेला भलतीकडंच, बायकांच्या रांगेतल्या गौराबाईच्या डोक्यावरून. पोरगी पळता पळता गर्रकन वळली, उडी मारून एका हातात नारळ झेलला आणि हललेल्या एस.टी.च्या पायरीवर चढली. धुरळा उडाला. गाडी गेली.

बलभीमला माईक बंद करायचंही सुचलं नाही.

"काकी, सत्काराची काही रीत असती का न्हाय? असं कुणी करतं व्हय?" साऱ्या गावाला ऐकू गेलं.

"रीत मला नको शिकवू," तारामती स्टेजवरूनच म्हणाली. "तीन वर्षं पोरीच्या हातात आलेली वस्तू पापणी लवायच्या आत जागेवर पोचली. तुज्या हातात अर्धा तास नारळ व्हता, बलभीम. फुटला बी न्हाय, सुटला बी न्हाय."