कधी जाणार?

“काय चाची, मग कधी जानार?”

पुंजारामाने चालत्या बैलगाडीतूनच विचारलं. गाडी थांबली नाही. तो हसला, बद्रुन्निसाच्या घराकडे त्याने एकदा पाहिलं आणि वळणावरून दिसेनासा झाला. हातातला खराटा तसाच धरून बद्रुन्निसा अंगणात उभी राहिली.

ती सोनईची मणेरीण. गावातल्या लेकीसुनांच्या हातात वर्षानुवर्षं तिनेच बांगड्या भरल्या होत्या. नवरा अल्लाबक्ष वारला, तेव्हा मुलगा रशीद लहान होता. आता तो भांड्यांना कल्हई करायचा. पुंजाराम त्यांचा शेजारी. दोन्ही घरांना मधली भिंत एकच.

देशाची फाळणी होऊन तीन महिने झाले होते. गावातली दोन मुसलमान घरं गोदावरी ओलांडून निजामाच्या मुलखात निघून गेली होती. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. थांबा, असंही कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून रशीद दिवसाही दाराला कडी घालायला लागला होता. आणि पेठेतले आडते आबासाहेब विनाकारण त्यांच्या घरावरून जायला लागले होते. एकदा थांबून त्यांनी विचारलं होतं, “छपराचे वासे सागाचेच ना गं?”

आबासाहेबांचं तिला नवल वाटलं नव्हतं. पण पुंजाराम?

तिने त्याचे शब्द मनात उलटसुलट करून पाहिले. जाणार का, असं त्याने विचारलं नव्हतं. कधी, असं विचारलं होतं. म्हणजे जाणं ठरलेलंच होतं. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ‘मग’ कशाला म्हणाला? आधी कुठे बोलणं झालं होतं? कुणाशी? चावडीवर? तो हसला का? घराकडे कशाला पाहिलं? मधली भिंत पाडली तर त्याची ओसरी दुप्पट होईल, हे आजवर कधी तिच्या मनात आलं नव्हतं. आता आलं, आणि हटेना.

दुपारी तिने रशीदला सांगितलं. त्याने उठून कल्हईचा भाता पोत्यात घातला.

“काय करतोस?”

“बांधाबांध. पुंजारामकाकाबी इचारायला लागला, म्हंजी संपलं, अम्मा. मामूचा दोनदा निरोप आलाय. नदीपल्याड गंगापूरला चल. गाडी मी बघतो.”

ती उठली. पोत्यातून भाता काढून तिने परत खुंटीला टांगला.

“ज्यानं इचारलं त्याला उत्तर दिल्याबिगर म्या न्हाई हलायची,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. इतर वेळी ती बांगड्यांची टोपली घेऊन वडाखाली बसायची. आज ती मोकळ्या हातांनी निघाली. रशीद मागून अडवत आला. तिने ऐकलं नाही. पुंजाराम कांद्याचा ढीग मांडून बसला होता. गिऱ्हाईकं उभी होती. शेजारच्या आडतीच्या ओट्यावर आबासाहेब बाजरी हातावर घेऊन पाहत होते. ती थेट ढिगासमोर जाऊन थांबली.

“पुंजाराम, काल गाडीवरनं इचारलंस. आता उभा ऱ्हा आन ऐक.”

तिचा आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. आजूबाजूची गिऱ्हाईकं वळून बघू लागली. पुंजाराम हातातल्या कांद्यासकट उभा राहिला.

“म्या कुटं जानार न्हाई. माझा नवरा हितल्या मातीत निजलाय. ह्या गावातल्या बायांचे हात म्या लगनात धरलेत, डोहाळ्यात धरलेत. नवरा मेल्यावर ज्यांच्या बांगड्या फुटल्या, त्यांच्यासंगं रडले बी हाय. आता मला कोन इचारनार, कधी जानार म्हनून? कुनाला माझ्या घराची घाई झाली आसंल, तर त्यानं माझं मरान येईस्तोवर कळ काढावी. जित्ती हाय तवर म्या न्हाई जायची!”

रशीदने डोळे मिटून घेतले.

पुंजाराम गोंधळून पुढे झाला.

“पर चाची... तुमी न्हाई गेल्या, तर माझ्या पोरीचा, राहीचा हिरवा चुडा कोन आननार? परवा सुपारी फुटली. पुढच्या आयतवारी लगीन हाय. सांगाया तिची आई दोनदा तुमच्या दारातनं परत गेली, कडी काय निघंना. मला वाटलं, तुमास्नी गावात कळलंच आसंल, म्हनून म्या जाता जाता इचारलं, नगरला माल आनाया कधी जानार?”

आधी एक म्हातारी हसली. मग कांदे निवडणाऱ्या बाया हसल्या, मग सगळा बाजार. पुंजारामही हसू लागला, पण मध्येच थांबला. ती इतका वेळ काय समजून बसली होती, ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने कांदा खाली ठेवला.

“चाची,” तो हळू आवाजात म्हणाला, “मला असं कसं समजल्या वो?”

बद्रुन्निसाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला क्षणभर वाटलं. पदर सावरायला तिने मान वळवली, आणि तिला आडतीचा ओटा दिसला.

आबासाहेब हसत नव्हते. तळहातावरच्या बाजरीत काही तरी हरवल्यासारखे ते खाली बघत होते. त्यांच्याजवळचे आणखी दोघेतिघेही हसत नव्हते.

तिने मान खाली घातली नाही. पुंजारामाच्या खांद्यावर हात ठेवला, पण नजर ओट्यावरच ठेवली.

“उद्या जाईन नगरला,” ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आन सांजच्या मोटारीनं परत येईन.”