मिठाची वाटी

फायब्रोमायल्जियाची अंगदुखी अनिताने कशीबशी अंगवळणी पाडून घेतली होती. पण डोक्यात धुकं दाटलं की आत्ता केलेलं कामही तिला आठवेनासं व्हायचं. पेणच्या बचत गटासाठी पोह्याच्या पापडांचं पीठ घरी मळून द्यायचं काम तिच्याकडे, त्यामुळे तिने एक शक्कल काढली होती. प्रत्येक घाण्याचं मीठ ती आधीच वाटीत मोजून ठेवायची. वाटी भरलेली दिसली तर मीठ घालायचं राहिलंय, रिकामी दिसली तर घालून झालंय.

दोन महिने निभावलं. परवा मात्र रोह्याला पाठवलेले पापड खारट म्हणून परत आले.

"आता माझा माझ्यावरच भरवसा उरला नाय," असं गटातल्या बायकांना सांगून तिने काम सोडलं.

संध्याकाळी तिच्या दुखऱ्या पाठीवरून हलक्या हाताने तेल फिरवताना सासू मायेने म्हणाली,



"बरं केलंस गो, तुझ्या ध्यानातच राहत नाय काय. त्या दिशी पीठ मळताना तू गोळी घ्यायला उठलीस, तर मिठाची वाटी रिकामीच! मीच भरून ठेवली."