चुकून लागलेलं बोट

"अवो शेखरभाऊ, मी नुसता फोटो मोठा करून पाहत व्हतो!" पिंपळगावचे सावळीराम फोनवर ओरडत होते. "आमच्या पोराला दाखवायला. अन् पसंती कोणाला गेली? माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या सुनेला! तिचं लगीन होऊन वरीस झालं, फोटो तेवढा तुमच्या साइटवरून काढायचा राहिला. मेहुणा टेम्पोत माणसं भरून निघालाय. आता तुम्हीच सांगा त्याला!"

शेखरने सांगितलं. मेहुण्याला, मेहुण्याच्या भावाला आणि सुनेच्या बापालाही. टेम्पो ओझरवरून माघारी फिरला. शेखरने मोबाइल उपडा ठेवला आणि खुर्चीत मागे टेकला. हे रोजचंच झालं होतं.

समाजाच्या वधू-वर मंडळाची साइट त्यानेच बांधलेली. बांधतानाच तो अध्यक्ष कोंडाजीअण्णांना म्हणाला होता, "अण्णा, फोटोवर बोट ठेवलं की फोटो मोठा होणार, असंच माणूस धरून चालतो. पसंतीचं बटण वेगळं ठेवू." अण्णा म्हणाले, "फोटो आवडला म्हणूनच बोट ठेवील ना? मग पसंती तिथूनच जाऊ दे." अण्णांशी वाद घालण्यापेक्षा गोदावरीला उलटं वाहायला सांगणं सोपं. शेखरने मान डोलावली आणि त्या दिवसापासून जिल्हाभर हाहाकार माजला.

नामपूरच्या एका कांदेवाल्याचा अंगठा म्हणजे फावडंच. तो एकदा स्क्रीनवरून फिरला आणि अर्ध्या बागलाणातल्या उपवर मुली पसंत झाल्या. एका आजोबांनी चष्मा सापडेपर्यंत तीन नातसुना केल्या. सातपूरला तर एक मांजर मोबाइलवरून चालत गेलं आणि पसंती पाठवून मोकळं झालं. मुलीकडच्यांनी पत्रिका मागवली, गुणही तिशीच्या वर जुळले. खोटं वाटत असेल तर सातपूरला जाऊन विचारा.

शेखरला मात्र यातल्या कशाचंच हसू यायचं नाही. कारण त्याचंही नाव त्या साइटवर होतं. बायको वारल्याला पाचेक वर्षं झाल्यावर थोरल्या बहिणीने, स्नेहलताईने, ते घातलं होतं. मधूनच मोबाइल वाजायचा. 'तुम्हाला पसंती आली आहे.' सुरुवातीला तो उठून केस विंचरायचा. पण तासाभरात फोन यायचाच. "ते चुकून गेलं हं. मनावर घेऊ नका." तो म्हणायचा, "छे छे, होतं असं." मनावर न घेण्याचाही माणसाला शीण येतो. पुढे पुढे कंगवा कुठे ठेवलाय, तेही तो विसरला.

त्या दिवशी टेम्पो माघारी फिरवल्यावर त्याने कुणालाही न विचारता साइट दुरुस्त केली. आता फोटोवर बोट ठेवलं की फोटो मोठा व्हायचा, बस्स. पसंती कळवायची तर सगळी माहिती वाचत खाली उतरायचं. अगदी तळाशी हिरवं बटण, ते दाबायचं. मग साइट विचारणार, 'नक्की?' तिथे 'होय' दाबायचं. तेव्हा कुठे पसंती जाणार.

दुसऱ्या दिवशी साइट चिडीचूप. अण्णांचा फोन आला. "काय रे, पसंत्या आटल्या का काय? कालपरवा तर पोत्याने येत व्हत्या."

"लोक फोटो बघतायत, अण्णा."

"नुसतं बघून काय करत्यात? पिक्चर हाय का?"

पुढे कितीतरी दिवस शेखरचा मोबाइल वाजला नाही. ना पसंती, ना माफी. खोटी का होईना, येत तरी होती, हे त्याला आता कळलं. शेवटी त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, माझं नाव काढून टाकतोय तिथून. पुरे झालं."

"काढ बाबा," ताई म्हणाली. "दुसऱ्यांची लग्नं लाव आणि त्यांच्या वरातीत नाचत बस."

नाव काढायला त्याने स्वतःचं पान उघडलं, तेवढ्यात मोबाइल वाजला. 'तुम्हाला पसंती आली आहे. मीना देवरे, एकलहरे.'

आनंद वगैरे काही झाला नाही. दुरुस्ती फसली, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने मीना देवरेच्या फोटोवर बोट ठेवून पाहिलं. फोटो मोठा झाला, पसंती कुठेच गेली नाही. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ठेवलं, ते काही तपासणीसाठी नव्हतं.

तासाभरात फोन आलाच.

"नमस्कार, मी मीना देवरे. एकलहऱ्याच्या शाळेत शिकवते. माझ्याकडून तुम्हाला पसंती गेली बघा. मी आपला फोटो मोठा करायला गेले आणि चुकून बोट लागलं. आमची वहिनी म्हणते, सगळ्यांचंच होतं तिथे तसं." पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकावं तसं ती बोलली.

फोटोला बोट लागून आता पसंती जातच नाही, एवढं एक वाक्य शेखर बोलला असता, तर बाईने शरमेने फोन ठेवला असता आणि नंबरही बदलला असता.

"बरोबर आहे तुमच्या वहिनींचं," तो म्हणाला. "साइटच तशी आहे."

"मग दुरुस्त का नाही करत? तुम्हीच बनवलीय ना? तुमच्या माहितीत लिहिलंय की, खाली."

खाली. म्हणजे बाई वाचत वाचत तळापर्यंत उतरली होती.

"करायचीय हो," शेखर म्हणाला. आपल्याच हातच्या चोख कामाला इतक्या खुशीने त्याने कधी नावं ठेवली नव्हती. "पण बिघाड कुठे आहे तेच सापडत नाही. तुम्ही बोट नेमकं कुठे लावलं, ते रविवारी समोर बसून दाखवाल का?"



"दाखवीन की," मीना म्हणाली. "पण मला चुकून दोनदा लावावं लागलं हं."