खालचं टोक

कपाट पहिल्या जिन्याच्या मध्यावर होतं आणि मुकादमांनी तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. अट लेकीची. बघायला या, बाबा, पण बोलायचं नाही, असं तिने सकाळीच बजावलं होतं. चाळीस वर्षं लोकांची घरं हलवणाऱ्या टोळीचा मुकादम आणि त्याला ही अट, म्हणजे जेवा पण चावू नका म्हणण्यातला प्रकार. तरी ते आले होते आणि चार पायऱ्या मागे राहून चढत होते.

कपाट त्यांच्या बायकोचं. ती गेल्यापासून मुकादम त्याच्या दारावरच्या आरशात बघून रोज दाढी करायचे. आता ते लेकीला दिलं होतं. चार माणसं पाठवतो म्हणाले, तर आमचं आम्ही नेऊ, असं उत्तर आलं. त्या ‘आम्ही’मध्ये जावई होता आणि घोडं तिथेच अडलं होतं. जावई घड्याळं दुरुस्त करायचा. मनगटं बारीक, बोलणं बेताचं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी हा गडी कुठलं ओझं पेलेल यावर मुकादमांचा विश्वास बसला नव्हता. आरशाला तडा गेला तर मला तोंड दाखवू नका, असं त्यांनी दोघांनाही सुनावलं होतं. स्वतः हात लावायचीही सोय नव्हती. कंबरेने दगा दिल्यापासून त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची बंदी होती.

कपाट जुन्या रजयांत गुंडाळून दोरीने आवळलेलं होतं. बांधणी बरी होती. लेक वरच्या टोकाला होती, जावई खालच्या. हे मुकादमांना पहिल्यांदा खटकलं, मग आवडलं. खालच्या टोकाला सगळं वजन येतं आणि समोर फळीशिवाय काही दिसत नाही. वरच्याला निदान हुकूम सोडता येतात. नवखी माणसं हटकून वरचं टोक धरायला धावतात. हा मुकाट्याने खाली उभा राहिला होता.

“तुझी चौथी,” लेक वरून म्हणाली.

मुकादम थबकले. लेक स्वतः नवव्या पायरीवर होती. ती त्याच्या पायऱ्या मोजत होती. उलटं चढत, मान वळवून मागची वाट बघत, आणि तोंडाने मात्र त्याचा आकडा. “पाचवी. सहावी जरा झिजलीय, पाय आत ठेव.” त्यांच्या अख्ख्या टोळीत हे एकाच माणसाला जमायचं. बाकीचे आपल्याच पायऱ्या ओरडायचे आणि खालचा ठेचकाळायचा.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून कपाट तिरकं करायला सांगितलं. आतून त्यांच्या यजमानांनी सरळच ठेवा म्हणून सांगितलं. लेक दोघांकडे बघून छान हसली आणि आपल्याला हवं तसं कपाट वळवून पुढे गेली. मुकादमांनी ओठ आवळून धरले.

दुसऱ्या मजल्यावर दोघं थांबली. जावयाने कपाट खांद्यावर तोलून धरलं होतं. शर्ट पाठीला चिकटला होता, पण हात थरथरत नव्हते. घड्याळातला केसाएवढा स्क्रू धरणारे हात थरथरून चालत नाहीत, हे मुकादमांच्या आजवर डोक्यात आलं नव्हतं.

“भाजीत मीठ घातलं होतंस का रे?” लेकीने विचारलं.

“घातलं. का?”

“मीपण घातलंय.”

“मग पाणी वाढवू. दोन दिवस पुरेल.”

दोघं हसली. कपाट खांद्यावर तसंच. विसाव्याला ओझ्याचं नाव काढायचं नाही, दुसरं काहीही बोलावं, हा मुकादमांचा नियम होता. पोरांना तो शिकवताना त्यांचा घसा बसायचा. लेकीला त्यांनी कधी कामावर नेलं नव्हतं. मग या दोघांना हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. दोन वर्षं एका घरात राहून त्यांचं त्यांनी शोधून काढलं होतं. मुकादमांना अभिमान वाटला आणि आपण तोंड दाखवू नका म्हणालो याची लाजही वाटली.

शेवटच्या वळणावर कपाट अडलं. कठड्याचा लोखंडी गोळा नेमका आरशाच्या बाजूला आला. दोघांनी एकदा प्रयत्न केला, मागे घेतलं, पुन्हा केला. रजई गोळ्याला घासली. कुणीतरी खालचा कोपरा भिंतीकडे दाबून धरायला हवा होता आणि दोघांचेही हात गुंतलेले होते. कुणी कुणावर आवाज चढवला नाही.

मुकादमांना या वळणाचं उत्तर पहिल्या मजल्यावरच दिसलं होतं. ते तीन पायऱ्या चढून आले.

“मी कुठे धरू?”

लेकीने आयुष्यात पहिल्यांदा बाबांना विचारताना ऐकलं होतं. उत्तर जावयाने दिलं.

“माझ्या उजवीकडे, बाबा. कोपरा फक्त भिंतीकडे दाबायचा. वजन माझ्याकडे राहू दे.”

मुकादम त्याच्या शेजारी एक पायरी खाली उभे राहिले. त्यांनी तळहात कोपऱ्यावर टेकवला. चाळीस वर्षं ते वरच्या टोकाला उभे होते. खालून काय दिसतं ते त्यांनी आज स्वतः पाहिलं. तपकिरी फळी, बस.

कपाट गोळ्यापासून बोटभर अंतरावरून सरकलं. मग वरून लेकीचा आवाज आला.

“तुझी दुसरी. बाबा, तुमची पहिली.”

मुकादमांनी न बघता पाय उचलला.