मस्कटचं कूळ

निवृत्तीच्या द्राक्षबागेतल्या वाइनच्या पांढऱ्या मस्कट वेली सकाळीच जाळून झाल्या होत्या. आता बेदाण्याच्या काळ्या मस्कटची पाळी होती. नवा रोग या कुळाच्या जनुकावरच पोसायचा. तपासनीस साठ्यांचं यंत्र ते जनुक हुडकायचं; पानाला टेकलं आणि लाल दिवा लागला, की वेल मुळासकट उपटून जाळायची.

“काका, माझं पण बघा ना!” निवृत्तीच्या लहानग्या गोदाने बोट पुढे केलं.

“तू कोणती गं, वाइनची की बेदाण्याची?” साठे हसले.

“नको साहेब, राहू द्या!” निवृत्ती हातातलं फावडं टाकून धावला. जन्मतःच रक्त नासलेली ही पोर डॉक्टरांनी मस्कटचं जनुक घालून जगवली होती. तिच्या श्वासालासुद्धा त्या द्राक्षांचा वास यायचा.

तो पोचेपर्यंत यंत्र तिच्या बोटाला टेकलं होतं. लाल दिवा लागला.

“साहेब, हुकूम वेलींचाच आहे ना?” निवृत्तीने कसंबसं विचारलं.

साठ्यांनी मान खाली घातली. “या कुळाचं जे जे जिवंत सापडेल ते, असा हुकूम आहे, निवृत्तीराव.”

“सांगा ना काका,” गोदा त्यांची बाही ओढत म्हणाली, “मी कोणती निघाले?”