दारामागची यादी

"पण बाबा, किल्ल्या साखरेच्या डब्यात गेल्या कशा?"

"गोड लागलं असेल त्यांना," आजोबा म्हणाले. मुलगा हसला नाही, म्हणून त्यांनीही हसू आवरलं.

तो पहिला घोटाळा. पुढच्याच रविवारी दुसरा. फ्रिजचं दार सताड उघडं राहिलं, दूध नासलं, बर्फाचं स्वयंपाकघरात तळं झालं.

"आता पुरे," मुलगा म्हणाला. "आमच्याकडे चला."

"दोन चुका कुणालाही माफ असतात. तिसरी झाली तर तू म्हणशील तसं."

शब्द तर दिला. घर सुटेल ही भीती होतीच. तिच्या आडून दुसरी, मोठी भीती डोकावत होती, ती म्हणजे डोकं सुटत चालल्याची. चाळीस वर्षं आजोबांनी विमा कंपनीसाठी लोकांच्या नुकसानीची तपासणी केली होती. कुणाच्या गोदामाला किती खिडक्या होत्या, हे त्यांना अजून आठवे. आणि स्वतःच्या किल्ल्या आठवू नयेत?

त्यांनी एक यादी करून दारामागे चिकटवली. गॅस, नळ, फ्रिज, दिवे, किल्ल्या. बाहेर पडताना एकेक गोष्ट हाताने चाचपायची आणि पेन्सिलीने खूण करायची.

तिसऱ्या रविवारी नेहमीप्रमाणे मुलगा दुपारी नातवंडांना सोडून गेला. ठिणगी आठ वर्षांची, पिल्लू चार वर्षांचं. ठिणगीच्या पायात नवे बूट आणि पिवळेजर्द मोजे होते, आणि ते सगळ्यांनी पाहावेत म्हणून तिने पायजमा वर दुमडला होता. तळ्यावर नावेत बसायचं ठरलं होतं.

आजोबांनी पाचही खुणा केल्या, कुलूप लावलं. जिना उतरून खाली येतात तोच ठिणगी किंचाळली, "माझी पाण्याची बाटली!"

"राहू दे, तिथे घेऊ."

"नाही, माझीच पाहिजे!" किल्ली घेऊन ती वर पळालीसुद्धा. बऱ्याच वेळाने बाटली नाचवत खाली आली, पायजमा आता बुटांपर्यंत ओढलेला.

"कुलूप लावलंस नीट?"

"दोनदा ओढून बघितलं. तुम्ही शिकवलंय तसं."

आजोबांना बरं वाटलं. घरात एक तरी डोकं ठिकाणावर होतं.

नाव तळ्याच्या मधोमध आली तेव्हा पिल्लूने विचारलं, "आजोबा, तुम्ही घोरता?"

"कोण म्हणतं?"

"कोणी नाही. पण आमच्या खोलीत खालच्या पलंगावर..."

ठिणगीने त्याच्या तोंडात अख्खं बिस्किट कोंबलं. "काहीही बोलतो तो. आजोबा, उंदरांची गोष्ट सांगा."

उंदरांची गोष्ट तिने वीस वेळा ऐकली होती. एका खेळण्यांच्या दुकानदाराने दावा केला होता की उंदरांनी माल कुरतडला. आजोबा पाहायला गेले. उंदरांनी नवं एकही खेळणं कुरतडलं नव्हतं. कुरतडलं होतं ते फक्त तीन वर्षं न विकलेलं.

"उंदराला काय कळतं, काय खपत नाही ते!" ठिणगी खिदळली.

"म्हणून नुकसान दिसलं की आधी काय विचारायचं?"

"यात फायदा कुणाचा!" दोघं एका सुरात ओरडली. नावाडीही हसला.

"आणि तुम्ही खोट्या दाव्यावर कधीच सही केली नाही?" ठिणगीने विचारलं.

"चाळीस वर्षांत एकदाही नाही."

ती पाण्यात बोट बुडवून रेघोट्या ओढायला लागली.

परतताना ती लंगडायला लागली. नव्या बुटाने टाच सोलली होती. आजोबांनी तिला पाठुंगळी घेतलं आणि गुडघ्यांनी कुरकुर केली तरी जिन्यापर्यंत आणलं.

जिन्यावरून पाणी उतरत होतं.

मुलगा नुकताच पोहोचला होता. तो नुसता बाजूला झाला. दार उघडताच चपला तरंगत पुढे आल्या. आजोबांनी आधी दारामागे पाहिलं. नळापुढे खूण होती. त्यांच्याच हातची, ठसठशीत. आपण नळ पिळून बंद केला होता, हे त्यांना लख्ख आठवत होतं. पण किल्ल्या ओट्यावर ठेवल्याचंही लख्खच आठवत होतं की!



पाय ओढत ते स्वयंपाकघरात गेले. नळ धो धो वाहत होता, सिंक काठोकाठ भरून सांडत होतं. त्यांनी नळ बंद केला, भोकात हात घातला आणि आतलं ओढून काढलं. पाणी गुळगुळ करत उतरलं. आजोबांनी ते उजेडात धरून पाहिलं. हातातलं पिळून त्यांनी खिशात टाकलं, कारण इकडेतिकडे कचरा टाकायची त्यांना सवय नव्हती. सिंकपाशी आलेलं स्टूल उचलून त्याच्या जागी नेऊन ठेवलं.

बाहेर येताना ते दारापाशी थांबले. ओला अंगठा नळापुढच्या खुणेवरून फिरवला.

"बाबा, निघताना नळ पाहिला होता का?" मुलाने हळूच विचारलं.

"नाही रे. राहूनच गेला."

मुलाने यादी पाहिली. चार खुणा. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बॅग भरू या?"

"भरू या. मला खालचा पलंग चालेल. आणि पिल्लूला सांगून ठेव, मी घोरतो."

मुलगा फरशी पुसायला फडकं शोधायला गेला. ठिणगी दारात उभी होती, रडवेली, एक पाय दुसऱ्या पायामागे लपवून. आजोबा कण्हत खाली वाकले, खिशातला ओला पिवळा मोजा तिच्या मुठीत कोंबला आणि कानाशी पुटपुटले, "आता दुसराही भिजव. एकच ओला दिसला की लोक चौकशी करतात."