हलला की गेला

बाबा नेमके फ्रेमच्या मधोमध येऊन वाकले आणि अमरने कपाळावर हात मारला.

आसगावच्या तलावावर असे ढग रोज थोडेच उतरतात! स्पर्धेसाठी फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस. अट एकच, चित्रात माणूस नको. आणि काठावरच्या पंपाशी साक्षात त्याचे बाबा, भोजराज! त्यांना बाजूला व्हा म्हणायची सोय नव्हती. शेतीची लाइट आठला जाणार होती आणि धानाला पाणी हवं होतं.

अमरही काही कच्चा गडी नव्हता. त्याने ट्रायपॉड चिखलात घट्ट रोवला, रुंद लेन्सवर काळा फिल्टर चढवला आणि एक्सपोजर तीन मिनिटांचं ठेवलं. एवढ्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं. बाबा पंपाशी खुडबुड करणार, मागेपुढे होणार, की आपोआप गायब. बापाला असं पुसून टाकायचं म्हणजे जरा जिवावर आलं, पण स्पर्धा ती स्पर्धा.

"बाबा, मी फोटो काढून राहिलो. तुमी तुमचं काम करा," तो ओरडला. भोजराजनी मान हलवली.

अमरने बटण दाबलं आणि तीन मिनिटं टायमरच्या आकड्यांवरून नजर हटवली नाही. मग पडद्यावर फोटो उमटला. पाणी दुधासारखं गुळगुळीत. ढग पार लांबलेले. आणि मधोमध बाबा, सदऱ्याच्या रेघा मोजाव्यात इतके स्पष्ट. कमरेत वाकलेले, एक हात मोटरीवर.

म्हणजे तीन मिनिटं ते जरासुद्धा हलले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या बांधावरचा गडी करंट लागून असाच मोटरीला चिकटलेला सापडला होता. अमरने मान वर केली. बाबा अजून तसेच.

"बाबा!"

बाबांची मानही वळली नाही.

तो धावत सुटला. पाय अडकून ट्रायपॉड आडवा झाला, लेन्स दगडावर फुटली, त्याने मागे पाहिलं नाही. करंट लागलेल्याला हात लावायचा नसतो, एवढं भान मात्र शाबूत होतं. कुंपणातला वाळका बांबू त्याने उपसला आणि मोटरीवरचा हात सोडवायला डोक्यावर उगारला.

"झाला का फोटो?" भोजराज ओठ न हलवता पुटपुटले.

बांबू वरच्या वर राहिला. भोजराजनी हळूच कंबर सरळ केली आणि आखडलेली बोटं चोळली.

"एवढे वर्स साऱ्या गावाचे फोटो काढत फिरून राहिला तू, माया एक बी नाही काढला. मनलं, आज काढूनच राहिला तं हलून खराब कायले करा?"